नॅशनल हॉकी लीगमधील टाळेबंदी आणि प्रेक्षकांचे पुनरागमन

नॅशनल हॉकी लीग (संक्षेप : एनएचएल) ही अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या दोन देशांत खेळली जाणारी व्यावसायिक आइस हॉकी स्पर्धा आहे. १९९२ ते २०१३ या काळात संघमालक व खेळाडू यांच्यातील आर्थिक वादामुळे या स्पर्धेचा खेळ चार वेळा थांबला. त्यांपैकी एक प्रसंग खेळाडूंच्या संपाचा आणि तीन प्रसंग मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीचे होते. २००४-०५ च्या टाळेबंदीत संपूर्ण हंगाम रद्द झाला, तर २०१२-१३ च्या टाळेबंदीत हंगामाचा सुमारे दोन पंचमांश भाग वाया गेला.

या वादांत प्रेक्षक हा पक्षकार नव्हता. करारावर त्याची सही नसते आणि वाटाघाटीच्या मेजावर त्याला जागा नसते. तरीही ज्या महसुलाच्या वाटणीवरून वाद होतो, त्याचा मोठा भाग प्रेक्षकांच्या खिशातून येतो. त्यामुळे खेळ पुन्हा सुरू झाल्यावर प्रेक्षक परततील काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला. बहुतेक शहरांत ते परतले, आणि अनेक ठिकाणी पूर्वीपेक्षा मोठ्या संख्येने परतले. काही शहरांत मात्र परतण्यासाठी संघच उरला नाही. प्रस्तुत लेखात या पुनरागमनाचा, विशेषतः जानेवारी २०१३ मधील स्वागताचा, आणि त्यामागील कारणांचा आढावा घेतला आहे.

संज्ञा

भारतात 'हॉकी' या शब्दाने मैदानी हॉकीचा बोध होतो. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात 'हॉकी' म्हणजे बर्फावर, पायांत स्केट घालून खेळली जाणारी हॉकी होय. या खेळात गोलरक्षकासह प्रत्येक संघाचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. चेंडूऐवजी 'पक' नावाची कठीण रबराची चकती वापरतात. पंचाने दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये पक टाकला की खेळ सुरू होतो.

'संप' आणि 'टाळेबंदी' या संज्ञा येथे औद्योगिक संबंधांतील अर्थाने वापरल्या आहेत. संपात कामगार काम थांबवतात. टाळेबंदीत मालक कामाची जागाच बंद करतो व वेतन देणे थांबवतो. २०२० नंतर मराठीत 'टाळेबंदी' हा शब्द साथरोगामुळे लादलेल्या निर्बंधांसाठीही रूढ झाला आहे. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.

पार्श्वभूमी

लीगची स्थापना १९१७ साली माँट्रियल येथे झाली. २०१२ मध्ये तिच्यात ३० संघ होते. त्यांपैकी माँट्रियल, टोरोंटो, ओटावा, विनिपेग, कॅलगरी, एडमंटन व व्हँकुव्हर हे सात संघ कॅनडातील आणि उर्वरित २३ अमेरिकेतील होते. विजेत्या संघाला स्टॅन्ले चषक मिळतो. कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी तो १८९२ मध्ये दिला. त्या वेळी एनएचएल अस्तित्वातही नव्हती. चषक लीगपेक्षा जुना असल्यामुळे तो लीगच्या मालकीचा नसून जनतेचा आहे, ही भावना कॅनडातील हॉकीप्रेमींमध्ये खोलवर रुजलेली आहे.

खेळाडूंची सध्याची संघटना १९६७ साली स्थापन झाली. वेतन, करारांची मुदत, खेळाडूंचे संघ बदलण्याचे हक्क, निवृत्तिवेतन इत्यादी बाबी संघटना व लीग यांच्यातील सामूहिक कराराने ठरतात. या कराराची मुदत सामान्यतः सप्टेंबरच्या मध्यास, म्हणजे नवा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर संपते.

वाद हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर पेटतो, यालाही महत्त्व असते. खेळाडूंचे वेतन साखळी सामन्यांच्या काळात हप्त्यांनी मिळते, तर मालकांना मोठी कमाई हंगामाच्या शेवटी, बाद फेरीत होते. म्हणून संप करायचा तर वसंत ऋतूत करणे खेळाडूंच्या सोयीचे असते. टाळेबंदी शरद ऋतूत, म्हणजे पहिला हप्ता देण्यापूर्वी करणे मालकांच्या सोयीचे असते. १९९२ चा संप एप्रिलमध्ये झाला. त्यानंतरच्या तिन्ही टाळेबंद्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्या.

खेळबंदीचे चार प्रसंग

• १९९२ : खेळाडूंचा संप. १ एप्रिलपासून दहा दिवस. पुढे ढकललेले सामने नंतर खेळवण्यात आले.
• १९९४-९५ : टाळेबंदी. १ ऑक्टोबर १९९४ ते ११ जानेवारी १९९५. प्रत्येक संघाच्या वाट्याला ८४ ऐवजी ४८ सामने आले.
• २००४-०५ : टाळेबंदी. १६ सप्टेंबर २००४ ते जुलै २००५. सर्व १,२३० साखळी सामने आणि बाद फेरी रद्द.
• २०१२-१३ : टाळेबंदी. १६ सप्टेंबर २०१२ ते जानेवारी २०१३. प्रत्येक संघाच्या वाट्याला ८२ ऐवजी ४८ सामने आले. ५१० साखळी सामने कमी झाले.

२००४-०५ : रद्द झालेला हंगाम

२००४ मधील वादाचे मूळ वेतनमर्यादेच्या प्रश्नात होते. महसुलाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग खेळाडूंवर खर्च होतो व त्यामुळे अनेक संघ तोट्यात आहेत, असे लीगचे म्हणणे होते. लीगने नेमलेल्या आर्थर लेव्हिट यांच्या अहवालात २००२-०३ च्या हंगामातील एकत्रित तोटा २७ कोटी ३० लाख डॉलर दाखवला होता. खेळाडू संघटनेला हे आकडे मान्य नव्हते. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर कमाल मर्यादा असावी, हा आयुक्त गॅरी बेटमन यांचा आग्रह होता. संघटनेचे प्रमुख बॉब गुडनाउ यांचा त्यास विरोध होता.

१६ फेब्रुवारी २००५ रोजी बेटमन यांनी हंगाम रद्द झाल्याचे जाहीर केले. कामगार-वादामुळे संपूर्ण हंगाम गमावणारी ही उत्तर अमेरिकेतील पहिलीच मोठी व्यावसायिक लीग ठरली. स्टॅन्ले चषक कोणालाही न मिळण्याची १९१९ नंतरची ही पहिलीच वेळ होती. १९१९ मध्ये स्पॅनिश फ्लूच्या साथीमुळे अंतिम मालिका अर्धवट सोडावी लागली होती. विजेत्यांची नावे कोरण्याच्या जागी २००४-०५ चा हंगाम खेळला गेला नाही, एवढीच नोंद चषकावर आहे.

या काळातील प्रेक्षकांची प्रतिक्रिया केवळ नाराजीपुरती मर्यादित राहिली नाही. ऑन्टारियो प्रांतातील काही हौशी खेळाडूंनी चषकाच्या विश्वस्तांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. चषक हा कॅनडातील सर्वोत्तम संघासाठी दिलेला आहे. लीग खेळत नसेल तर तो इतर संघांना खुला असावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. पुढे कधी लीगचा संपूर्ण हंगाम झाला नाही, तर लीगबाहेरील संघाला चषक देण्याची मुभा विश्वस्तांना आहे, हे या तडजोडीत मान्य करण्यात आले. याच काळात गव्हर्नर जनरल एड्रियन क्लार्कसन यांनी त्या वर्षी चषकासाठी महिलांचे संघ खेळवावेत, असे सुचवले. ती सूचना अमलात आली नाही. परंतु तिच्यातून पुढे महिला हॉकीसाठी 'क्लार्कसन चषक' निर्माण झाला.

कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीवर, म्हणजे सीबीसीवर, शनिवारी रात्री हॉकी दाखवण्याची परंपरा अनेक दशकांची आहे. त्या हिवाळ्यात ही वेळ भरून काढण्यासाठी वाहिनीने चित्रपट दाखवले.

२००५ मधील पुनरागमन

जुलै २००५ मध्ये करार झाला. विद्यमान करारांतील वेतनात २४ टक्के कपात करण्यात आली आणि २००५-०६ साठी प्रत्येक संघाची वेतनमर्यादा ३ कोटी ९० लाख डॉलर ठरली. महसुलातील खेळाडूंचा वाटा ५४ टक्क्यांपासून सुरू होऊन महसूल वाढेल तसा ५७ टक्क्यांपर्यंत जाणार होता.

प्रेक्षकांना परत आणण्यासाठी लीगने खेळातच बदल केले. बरोबरीत सुटलेल्या साखळी सामन्यांचा निकाल लावण्यासाठी पेनल्टी फटक्यांची पद्धत आली. मधली तांबडी रेषा ओलांडून लांब पास देण्यावरील बंदी उठली. गोलरक्षकांच्या अंगावरील साहित्याचा आकार कमी करण्यात आला. अडवणुकीच्या नियमांची अंमलबजावणी कडक झाली. यामुळे खेळाचा वेग व गोलसंख्या वाढली. अनेक संघांनी तिकिटांचे दर उतरवले. बर्फावरील निळ्या रेषांवर चाहत्यांचे आभार मानणारी अक्षरे रंगवण्यात आली.

५ ऑक्टोबर २००५ रोजी हंगामाचा प्रारंभ झाला. त्या एकाच दिवशी १५ सामने होऊन सर्व ३० संघ बर्फावर उतरले. पिट्सबर्गचा सिडनी क्रॉस्बी आणि वॉशिंग्टनचा अलेक्झांडर ओव्हेच्किन यांनी त्याच दिवशी पदार्पण केले. हंगामाअखेर साखळी सामन्यांची एकूण उपस्थिती सुमारे २ कोटी ८ लाखांवर गेली. हा लीगचा तोवरचा उच्चांक होता.

हे यश सर्वत्र सारखे नव्हते. संघ विक्रीस निघालेला आणि गुणतक्त्यात तळाला गेलेला, अशा सेंट लुईसमध्ये सरासरी उपस्थिती सुमारे १८ हजारांवरून सुमारे १४ हजारांवर आली. अमेरिकेत ईएसपीएन या मोठ्या क्रीडावाहिनीने लीगची साथ सोडली आणि सामने तुलनेने लहान वाहिनीवर गेले. दुसरीकडे, २००६ च्या अंतिम मालिकेत कॅरोलायना व एडमंटन हे लहान बाजारपेठेतील दोन संघ पोहोचले. एडमंटनमध्ये बाद फेरीच्या सामन्यांपूर्वी गायक ध्वनिक्षेपक प्रेक्षकांकडे वळवून स्वतः थांबत असे आणि कॅनडाचे राष्ट्रगीत संपूर्ण क्रीडागृह गात असे. त्या पुनरागमनाच्या हंगामातील हा प्रसंग आजही आवर्जून सांगितला जातो.

२०१२-१३ चा वाद

२००५ च्या कराराच्या काळात लीगचा वार्षिक महसूल वाढत जाऊन २०११-१२ मध्ये सुमारे ३.३ अब्ज डॉलरवर पोहोचला. वेतनमर्यादा महसुलाशी बांधलेली असल्यामुळे तीही वाढत गेली. तथापि श्रीमंत व गरीब संघांतील अंतर कायम राहिले. वेतनमर्यादेच्या हिशेबातून वाट काढण्यासाठी काही संघ खेळाडूंशी दहा-पंधरा वर्षांचे करार करू लागले. त्यामुळे मोठी रक्कम अधिक वर्षांवर विभागली जाऊन दरवर्षीचा भार कागदावर हलका दिसे.

जुलै २०१२ मध्ये लीगने मांडलेल्या पहिल्या प्रस्तावात खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर आणण्याची मागणी होती. ३.३ अब्ज डॉलरच्या महसुलावर हा फरक वर्षाला सुमारे ४६ कोटी डॉलरचा होतो. याच जुलैच्या ४ तारखेला मिनेसोटाच्या संघाने झॅक पॅरिसे व रायन सूटर या दोन खेळाडूंशी प्रत्येकी १३ वर्षांचे व ९ कोटी ८० लाख डॉलरचे करार केले होते. एका हाताने असे करार करणारे मालक दुसऱ्या हाताने वेतनकपात मागतात, ही विसंगती चाहत्यांच्या रोषाचे एक प्रमुख कारण ठरली. खेळाडू संघटनेचे नेतृत्व या वेळी डोनाल्ड फेहर यांच्याकडे होते. त्यांनी पूर्वी बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेचे नेतृत्व केले होते.

१५ सप्टेंबर २०१२ च्या मध्यरात्री कराराची मुदत संपली आणि टाळेबंदी सुरू झाली. सामने टप्प्याटप्प्याने रद्द होत गेले. मिशिगन विद्यापीठाच्या विशाल मैदानावर १ जानेवारी २०१३ रोजी उघड्या आकाशाखाली होणारा डेट्रॉइट-टोरोंटो सामना २ नोव्हेंबरला रद्द झाला. कोलंबस येथील तारांकित खेळाडूंचा वार्षिक सामनाही त्याच महिन्यात रद्द झाला. डिसेंबरमध्ये प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि संघटना कायदेशीरदृष्ट्या विसर्जित करण्याच्या पर्यायावरही खेळाडूंनी मतदान केले.

टाळेबंदीच्या काळातील प्रेक्षक

सामने बंद असले तरी हॉकी पूर्णपणे बंद नव्हती. अनेक खेळाडू युरोपात खेळू लागले. ओव्हेच्किन मॉस्कोच्या डायनॅमो संघाकडे, तर येव्हगेनी माल्किन मॅग्निटोगोर्स्कच्या संघाकडे गेला. दुय्यम दर्जाच्या अमेरिकन हॉकी लीगचे सामने नियमित चालू होते. एडमंटनचे टेलर हॉल व जॉर्डन एबर्ले यांसारखे तरुण खेळाडू ओक्लाहोमा सिटीच्या लहान क्रीडागृहात खेळताना दिसले. मोठ्या लीगला मुकलेल्या काही प्रेक्षकांनी या सामन्यांकडे आणि कनिष्ठ गटाच्या हॉकीकडे मोर्चा वळवला.

टाळेबंदीची सर्वाधिक झळ मात्र वादाशी संबंध नसलेल्या लोकांना बसली. क्रीडागृहांतील द्वारपाल, खाद्यपदार्थ विकणारे, सफाई कामगार आणि परिसरातील उपाहारगृहे यांचे उत्पन्न प्रत्यक्ष सामन्यांवर अवलंबून असते. खेळाडू परदेशात खेळू शकत होते व मालकांना इतर व्यवसाय होते. सामन्याच्या रात्रीच्या पाळीवर ज्यांचे घर चालते, त्यांना असा पर्याय नव्हता.

संघटित निषेधाचे प्रयत्नही झाले. त्यांत 'जस्ट ड्रॉप इट' ही मोहीम विशेष गाजली. या नावात श्लेष होता : 'पक टाका आणि खेळ सुरू करा' तसेच 'वाद सोडून द्या', असे दोन्ही अर्थ त्यातून निघत. २१ डिसेंबरनंतर जितके सामने रद्द होतील तितक्या सामन्यांवर, तसेच लीगच्या मालावर आपण बहिष्कार टाकू, अशी प्रतिज्ञा हजारो चाहत्यांनी केली. प्रेक्षकाने वाटाघाटीतील तिसरा पक्ष होण्याचा केलेला हा प्रयत्न होता.

समझोता

केंद्र सरकारच्या मध्यस्थी सेवेचे अधिकारी स्कॉट बेकेनबॉ यांनी दोन्ही पक्षांमध्ये दुवा साधला. न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात सुमारे सोळा तास चाललेल्या अखेरच्या बैठकीनंतर ६ जानेवारी २०१३ रोजी पहाटे तात्पुरता समझोता झाला. मुख्य अटी पुढीलप्रमाणे होत्या :

• महसुलाची समसमान, म्हणजे ५०-५० टक्के वाटणी.
• आधीच्या करारांमुळे खेळाडूंचे होणारे नुकसान भरून काढण्यासाठी ३० कोटी डॉलरची तरतूद.
• खेळाडूच्या कराराची कमाल मुदत सात वर्षे. स्वतःच्याच खेळाडूशी पुन्हा करार करताना आठ वर्षे.
• २०१३-१४ साठी ६ कोटी ४३ लाख डॉलरची वेतनमर्यादा.
• दहा वर्षांची मुदत. आठ वर्षांनंतर बाहेर पडण्याची मुभा.

५७ व ५० टक्क्यांतील अंतर २०११-१२ च्या महसुलावर वर्षाला सुमारे २३ कोटी डॉलरचे होते. ५० टक्के ही संख्या ५७ व ४३ यांच्या अगदी मध्यावर येते, हे येथे लक्षणीय आहे. हा मध्यबिंदू कोणालाही जुलैमध्येच काढता आला असता, मग ५१० सामने कशासाठी गेले, असा सवाल चाहत्यांतून झाला. प्रत्यक्षात वाद केवळ टक्केवारीचा नव्हता. जुन्या करारांचे काय करायचे, मुदतीवर मर्यादा किती असावी आणि निवृत्तिवेतनाची व्यवस्था कशी असावी, यांवरही बोलणी अडली होती.

९ जानेवारीला संघमालकांच्या मंडळाने कराराला मंजुरी दिली. त्या दिवशी बेटमन यांनी खेळाडू, भागीदार व मुख्यतः चाहते यांची जाहीर क्षमा मागितली. १२ जानेवारीला खेळाडूंचे मतदान पूर्ण झाले व दुसऱ्याच दिवशी सराव शिबिरे सुरू झाली. सराव सामन्यांसाठी वेळच उरला नव्हता.

जानेवारी २०१३ मधील स्वागत

पहिले स्वागत सामन्यात नव्हे, तर सरावात झाले. अनेक संघांनी सरावाची दारे जनतेसाठी विनामूल्य उघडली. पिट्सबर्ग व मिनेसोटा येथे खेळाडूंचा केवळ सराव पाहण्यासाठी हजारो लोक आले.

संघांनी सवलतीही जाहीर केल्या. पिट्सबर्गने घरच्या पहिल्या सामन्यात प्रेक्षकांना खाद्यपदार्थ मोफत दिले. टँपा बेने २०० हंगामी तिकिटे प्रत्येकी २०० डॉलरला विकली. टोरोंटो व माँट्रियल यांसारख्या शहरांत हंगामी तिकिटासाठी प्रतीक्षायादी असते. तेथे अशा आमिषाची फारशी आवश्यकता नव्हती. सवलतींचे प्रमाण हे संघांच्या पश्चात्तापापेक्षा बाजारपेठेच्या गरजेचे निदर्शक होते, असे यावरून म्हणता येते.

१९ जानेवारी २०१३ रोजी १३ सामन्यांनी हंगाम सुरू झाला. लॉस एंजेलिसच्या संघाने जून २०१२ मध्ये आपल्या ४५ वर्षांच्या इतिहासातील पहिला स्टॅन्ले चषक जिंकला होता. विजयाचा ध्वज क्रीडागृहाच्या छताला चढवण्याचा सोहळा ऑक्टोबरमध्ये व्हायचा तो या दिवशी झाला. त्यानंतरचा सामना मात्र लॉस एंजेलिसने शिकागोविरुद्ध २-५ असा गमावला. माँट्रियल येथे टोरोंटोने यजमानांना २-१ ने हरवले. सीबीसीवरील हा सामना कॅनडात तीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. कॅनडाची त्या वेळची लोकसंख्या सुमारे साडेतीन कोटी होती, हे लक्षात घेता या आकड्याचे महत्त्व कळते.

विनिपेगमधील स्वागताला वेगळी पार्श्वभूमी होती. या शहराने १९९६ मध्ये आपला संघ गमावला होता. पंधरा वर्षांनी, २०११ मध्ये, अटलांटाचा संघ येथे आला, तेव्हा १३ हजार हंगामी तिकिटे काही दिवसांतच विकली गेली. पुन्हा लाभलेल्या लीगचा एकच हंगाम पाहून होतो, तोच टाळेबंदी आली. त्यामुळे या प्रेक्षकांना दोन वर्षांत दुसऱ्यांदा लीगचे स्वागत करावे लागले.

बहिष्काराच्या प्रतिज्ञांचा उपस्थितीवर जाणवेल असा परिणाम झाला नाही. २०१२-१३ च्या साखळी सामन्यांची सरासरी उपस्थिती १७ हजारांहून अधिक राहिली. आधीच्या पूर्ण हंगामापेक्षा ती किंचित जास्तच होती. थंडीतील मधले महिने आणि अखेरचा चुरशीचा टप्पा तेवढा खेळला गेल्यामुळे हंगामाच्या प्रारंभीचे, कमी गर्दीचे आठवडे या सरासरीत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. खेळानेही साथ दिली. शिकागोच्या संघाने पहिल्या २४ सामन्यांत नियमित वेळेत एकही पराभव पत्करला नाही. २४ जून २०१३ रोजी बोस्टनविरुद्धच्या सहाव्या सामन्यात अखेरच्या क्षणी १७ सेकंदांत दोन गोल करून त्याच संघाने चषक जिंकला.

जे परतू शकले नाहीत

पुनरागमनाच्या आकड्यांत न दिसणारे प्रेक्षकही आहेत. १९९४-९५ च्या टाळेबंदीचा शेवट वेतनमर्यादेविना झाला. कॅनडातील लहान शहरांतील संघांना वेतन अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागे, पण उत्पन्न दुबळ्या कॅनेडियन डॉलरमध्ये मिळे. वाढते वेतन त्यांना झेपेना. क्वेबेकचा संघ १९९५ च्या हंगामानंतर डेन्व्हरला गेला आणि तेथे पहिल्याच वर्षी त्याने स्टॅन्ले चषक जिंकला. विनिपेगचा मूळ संघ १९९६ मध्ये फिनिक्सला गेला. जानेवारी १९९५ मध्ये क्वेबेकच्या प्रेक्षकांनी ज्या संघाचे स्वागत केले, तो त्याच वर्षी त्यांचा राहिला नाही. २०१५ मध्ये या शहरात सुमारे १८ हजार आसनांचे नवे क्रीडागृह उभे राहिले. परंतु लीगचा संघ तेथे परतलेला नाही.

फिनिक्समध्ये संघ होता, पण प्रेक्षक अपुरे होते. हा संघ २००९ पासून लीगच्याच ताब्यात होता आणि २०१२-१३ मध्ये त्याची सरासरी उपस्थिती सुमारे १४ हजार, म्हणजे लीगमधील सर्वांत कमी उपस्थितींपैकी एक होती.

कारणमीमांसा

प्रेक्षक का परततात, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. मार्टिन श्मिट व डेव्हिड बेरी यांनी २००४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक खेळांतील संप व टाळेबंद्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. अशा खंडांचा प्रेक्षकसंख्येवर टिकाऊ परिणाम होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तात्कालिक परिणाम मात्र होऊ शकतो. १९९४ च्या संपामुळे अमेरिकेतील बेसबॉलची जागतिक मालिका रद्द झाली, त्यानंतर १९९५ मध्ये प्रति सामना उपस्थिती सुमारे २० टक्क्यांनी घटली. ती पूर्ववत होण्यास काही वर्षे लागली.

हॉकीच्या बाबतीत पुढील कारणे दिली जातात :

पर्यायाचा अभाव. एका शहरात साधारणतः एकच संघ असतो आणि त्या दर्जाची दुसरी लीग त्या खंडात नाही. एखाद्या वस्तूवर रुसलेला ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. येथे दुसरे दुकान नाही.

वारसा. संघाची निष्ठा घरात पुढच्या पिढीकडे जाते. काही कुटुंबांत हंगामी तिकिटांच्या त्याच जागा वर्षानुवर्षे राखलेल्या असतात. बहिष्कार म्हणजे या जागांवर पाणी सोडणे, कारण मागे प्रतीक्षायादी असते.

संघ व मालक यांतील भेद. चाहत्याच्या मनातील संघ हा शहराचा, रंगांचा व आठवणींचा असतो. त्याचा राग मालकांवर किंवा आयुक्तांवर असतो. बेटमन चषक देण्यासाठी बर्फावर येताच प्रेक्षक त्यांची हुर्यो उडवतात, ही आता प्रथाच झाली आहे. तोच प्रेक्षक पुढच्या क्षणी चषक उंचावणाऱ्या खेळाडूंसाठी उभा राहतो. राग आणि स्वागत या दोन्ही गोष्टी एकाच आसनावरून होतात.

ऋतू. कॅनडाच्या दीर्घ हिवाळ्यात हॉकी हा सामाजिक जीवनाचा भाग असतो. शनिवारच्या रात्रीचे सामने, त्यांवरील चर्चा, लहान मुलांचे पहाटेचे सराव ही सर्व एकाच साखळीची कडी आहेत. नव्याने स्थायिक झालेले समाजही या साखळीत सामील होतात. सीबीसीने २००८ मध्ये सामन्यांचे पंजाबी समालोचन सुरू केले, ते याचेच उदाहरण आहे.

या निष्ठेची दुसरी बाजू टीकाकारांनी दाखवली आहे. प्रेक्षक निश्चित परत येणार हे ठाऊक असेल, तर टाळेबंदी पुकारताना मालकांना तिची किंमत कमी वाटते. २००५ मधील विक्रमी उपस्थितीने २०१२ ची टाळेबंदी सोपी केली, असा हा युक्तिवाद आहे. उलट बाजूने असे म्हटले जाते की, प्रेक्षक न परतल्यास पहिला बळी संघमालक नव्हे, तर क्रीडागृहातील रोजंदार आणि लहान शहरातील संघ ठरतो. मोठ्या शहरांचे संघ तग धरतात. यामुळे चाहत्यापुढे खरी निवड 'लीगला शिक्षा' की 'लीगला क्षमा' अशी कधीच नसते. आपल्या शहराचा खेळ राहावा की जावा, या प्रश्नाचे उत्तर तो आपल्या उपस्थितीने देत असतो.

नंतरचा काळ

टाळेबंदी संपल्यावर लीगची आर्थिक स्थिती त्वरेने सुधारली. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅनडातील प्रक्षेपणाचे हक्क रॉजर्स कंपनीने १२ वर्षांसाठी ५.२ अब्ज कॅनेडियन डॉलरला घेतले. रद्द झालेला मिशिगनमधील खुला सामना १ जानेवारी २०१४ रोजी हिमवर्षावात खेळवला गेला. त्यास १,०५,४९१ प्रेक्षक उपस्थित असल्याची नोंद आहे. टोरोंटोने तो पेनल्टी फटक्यांवर जिंकला.

२०१३ नंतर कामगार-वादामुळे लीगचा खेळ थांबलेला नाही. २०२० च्या साथीत स्पर्धा काही महिने थांबली, परंतु त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही पक्षांनी सामूहिक करार २०२६ पर्यंत वाढवला. जुलै २०२५ मध्ये पुढील कराराला मान्यता मिळाली. तो सप्टेंबर २०२६ ते सप्टेंबर २०३० या काळासाठी असून त्यात प्रत्येक संघाच्या साखळी सामन्यांची संख्या ८२ वरून ८४ करण्यात आली आहे. आधीच्या कराराची मुदत संपण्यास वर्षभराहून अधिक अवधी असताना हा समझोता झाला. बेटमन यांच्या कारकिर्दीत याआधीच्या तीन प्रसंगी मुदत संपल्यावर प्रेक्षकांसमोर बंद दारे होती. त्या तुलनेत हा बदल महत्त्वाचा मानला जातो.